सिंधुदुर्गात कायमचं राहायला येताय? आधी जिल्हा समजून घ्या, मग सातबारा

मुंबई-पुण्यातली नोकरी संपवून किंवा सोडून गावच्या घरी परतणाऱ्यांची संख्या आमच्या भागात वाढते आहे. आजोबांचं घर असतं, थोडी कलमं असतात, भाताचे दोन-चार कुणगे असतात आणि कागदपत्रांबद्दल कुणालाच नीट काही ठाऊक नसतं. मी स्वतः या सगळ्या कचेऱ्यांतून गेलो आहे. तिथे मला कळलेली गोष्ट अशी की, या जिल्ह्यात तुमच्या गावाचा भूगोल आणि इतिहास ठाऊक नसेल तर सातबारा वाचताच येत नाही. शेजारशेजारच्या दोन गावांतल्या जमिनींना वेगवेगळे नियम लागतात, कारण दीडशे वर्षांपूर्वी ती गावं वेगवेगळ्या सरकारांत होती. म्हणून पहिल्या दोन पायऱ्या कंटाळवाण्या वाटल्या तरी गाळू नका.

पायरी १ : गाव कोणत्या पट्ट्यात आहे ते बघा

सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर, तालुके आठ : देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी आणि दोडामार्ग. उत्तरेला वाघोटण खाडीपलीकडे रत्नागिरी, दक्षिणेला तेरेखोलपलीकडे गोवा, पूर्वेला सह्याद्री आणि त्याच्या माथ्यावर कोल्हापूर, आग्नेयेला बेळगाव. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ८,४९,६५१ भरली. २००१मध्ये ती ८,६८,८२५ होती, म्हणजे दहा वर्षांत माणसं कमी झाली. हा आकडा लक्षात ठेवा. सातबाऱ्यावरची निम्मी नावं मुंबईत का सापडतात, याचं उत्तर त्यात आहे.

कामाच्या दृष्टीने जिल्ह्याचे तीन पट्टे पडतात. देवगड, मालवण आणि वेंगुर्ले हे किनाऱ्याचे तालुके. इथे समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) लागू होतं, आणि खाडीकाठालाही त्याचे स्वतंत्र नियम आहेत. घराची साधी वाढ करायची असली तरी आधी याची चौकशी करावी लागते. मधला पट्टा महामार्गाचा आणि कोकण रेल्वेचा : कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. जांभ्याचे सडे (खडकाळ पठारं), काजू, आंबा, भात. तिसरा घाटाखालचा : वैभववाडी, दोडामार्ग आणि कणकवली-कुडाळ-सावंतवाडीचा पूर्व भाग. इथे जंगलाचा प्रश्न सगळ्यात मोठा. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वन्यजीवांच्या भ्रमणमार्गात वृक्षतोडीवर उच्च न्यायालयाची बंदी आहे. स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडण्याआधीही वन खात्यात विचारून घ्या.

आंबोलीचं वेगळंच आहे. ती सावंतवाडी तालुक्यात असली तरी घाटमाथ्यावर आहे. तिथे उगम पावणारी हिरण्यकेशी समुद्राकडे न उतरता पूर्वेला वाहते आणि घटप्रभेला मिळते. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. खाली तळकोकणात चाललेलं बांधकामाचं गणित तिथे चालत नाही.

नव्या माणसाचा हमखास होणारा एक घोटाळा इथेच सांगतो. सिंधुदुर्ग किल्ला मालवणला, समुद्रातल्या कुरटे बेटावर आहे. जिल्ह्याच्या कचेऱ्या मात्र कुडाळ तालुक्यात ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीत. ‘सिंधुदुर्ग’ नावाचं रेल्वे स्टेशन ओरोसजवळ आहे, किल्ल्याजवळ नाही. मालवणला रेल्वे जातच नाही.

पायरी २ : १९४८च्या आधी गाव कोणाच्या अमलात होतं ते शोधा

ही पायरी कुणी सांगत नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ हीच वाचवते.

आजच्या सावंतवाडी, दोडामार्ग आणि कुडाळ भागावर सावंत-भोसल्यांचं सावंतवाडी संस्थान होतं. वाडी, बांदा आणि कुडाळ हे त्याचे तीन विभाग. हे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं. किनाऱ्याची कथा निराळी. १८१२ साली वेंगुर्ले सावंतवाडीकरांकडून आणि मालवण कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेलं. विजयदुर्ग १८१८ साली पेशवाईबरोबर गेला. म्हणजे मालवण-देवगडकडच्या गावांचे कागद इंग्रजी रत्नागिरी जिल्ह्याच्या पद्धतीने झाले आणि कुडाळ-वाडीकडच्यांचे संस्थानच्या पद्धतीने.

याने आज काय फरक पडतो? तीन उदाहरणं देतो.

देवगड-मालवणकडच्या काही गावांत खोती (खोतामार्फत सारावसुली) होती. ती १९४९च्या कायद्याने गेली, पण जुन्या फेरफारात (सातबाऱ्यावरच्या बदलाच्या नोंदीत) खोताचं नाव, खोती हक्क, कुळाचं नाव असे शब्द येतात. तिथे दचकायचं कारण नाही. पुढच्या फेरफारांत त्या हक्काचं काय झालं एवढंच शोधायचं.

आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांत ‘कबुलायतदार गावकर’ हा प्रकार आहे. संस्थानने गावकऱ्यांकडून सारावसुलीची कबुलायत लिहून घेऊन जमीन त्यांच्याकडे सोपवली होती. पुढे सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासनाचं नाव लागलं आणि पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्यांचं नाव बाजूला पडलं. या गावांत कुणी ‘स्वस्तात जागा’ दाखवली तर कबुलायतदार जमीन आहे का, तिचं वाटप झालं आहे का, हे तहसीलमध्ये स्वतः जाऊन विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

तिसरं, देवस्थानची जमीन. जुन्या कोल्हापूर आणि सावंतवाडी संस्थानांतली पुष्कळ देवळं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत, आणि तिची कचेरी कोल्हापूरला आहे. सातबाऱ्यावर देवाचं नाव आणि खाली तुमच्या आजोबांचं वहिवाटदार म्हणून नाव असेल तर तुमचं काम ओरोसला संपणार नाही. कोल्हापूरची वाट धरावी लागेल.

शोधायचं कसं? मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा दहावा खंड, ‘रत्नागिरी आणि सावंतवाडी’, १८८० साली निघाला. राज्याच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावर जुनी गॅझेटिअर वाचायला मिळतात. आपल्या गावाचा किंवा महालाचा उल्लेख बघा. दुसरी खूण गावाच्या नावातच असते. कुडाळ तालुक्यात नेरूर तर्फ हवेली आहे आणि नेरूर कर्यात नारूर आहे. ही दोन वेगळी गावं आहेत. तर्फ, कर्यात, हवेली हे जुने महसुली विभाग. ऑनलाइन सातबारा काढताना यादीत चुकीचं नेरूर निवडलं की भलत्याच माणसाची जमीन समोर येते.

दोडामार्गकरांसाठी दोन गोष्टी. तालुका १९९९ साली सावंतवाडीतून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचं काही दोडामार्गला मिळालं नाही तर सावंतवाडीत शोधा. आणि आज गोव्यात असलेलं पेडणे १७८८पर्यंत सावंतवाडीकरांकडे होतं. त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच घराण्याची जमीन असणं इथे नवलाचं नाही. पलीकडची जमीन असेल तर तिथे सातबारा नसतो, फॉर्म १ आणि १४ असतो, आणि वारसाला पोर्तुगीज काळापासूनचा गोव्याचा नागरी कायदा लागतो. त्यासाठी गोव्यातलाच वकील लागेल.

पायरी ३ : कोणतं काम कोणत्या कचेरीत

‘सरकारी ऑफिस’ म्हणून एकच काही नाही. तीन वेगळ्या वाटा आहेत आणि एका वाटेवरचा साहेब दुसऱ्या वाटेवरचं काम करू शकत नाही.

पहिली महसुलाची. गावात तलाठी, त्यावर मंडळ अधिकारी, तालुक्याला तहसीलदार, मग प्रांत (उपविभागीय अधिकारी), मग ओरोसला जिल्हाधिकारी. जिल्ह्यात प्रांताच्या कचेऱ्या तीन, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी. सातबारा, फेरफार, वारस, दाखले ही कामं इथली. २०२४पासून तलाठ्याचं पद ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं आहे. पाटीवर तसं लिहिलेलं दिसेल, लोक तलाठीच म्हणतात.

दुसरी पंचायतीची. ग्रामसेवक (आताचं पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’), सरपंच, पंचायत समितीत बीडीओ (गटविकास अधिकारी), जिल्हा परिषदेत सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी). घरपट्टी, नळपाणी, गावातले रस्ते, जन्म-मृत्यूची नोंद ही कामं इथली. मालवण, वेंगुर्ले आणि सावंतवाडीला नगरपरिषद आहे, कणकवली-कुडाळसारख्या ठिकाणी नगरपंचायत आहे. तिथे घर असेल तर ग्रामसेवकाऐवजी मुख्याधिकाऱ्याची कचेरी.

तिसरी वाट नवख्यांना दिसतच नाही : भूमी अभिलेख आणि दुय्यम निबंधक. मोजणी आणि नकाशा भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकाकडे, दस्ताची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे. तहसीलदारांकडे मोजणीचा अर्ज घेऊन गेलेली माणसं मी पाहिली आहेत. अर्धा दिवस रांगेत थांबून परत जातात.

वाद कोर्टात गेलाच तर एक बदल माहीत असू द्या. १८ ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आहे आणि सिंधुदुर्ग त्यात येतो.

पायरी ४ : कागद गोळा करा

गावी निघण्याआधी मुंबईच्या घरातलं कपाट उघडा. पुढचे कागद एका फाइलीत घाला :

- जमिनीचे जुने सातबारे, कितीही फाटलेले असले तरी. त्यावरचे फेरफार क्रमांक सोन्याच्या मोलाचे.
- ८अ, म्हणजे खात्याचा उतारा. एका खात्यावर गावात किती जमिनी आहेत ते यात कळतं.
- आजोबा, आजी, वडील, काका, आत्या, जे जे गेले त्या सगळ्यांचे मृत्यूचे दाखले.
- घराचा ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या.
- शेतसाऱ्याच्या पावत्या, गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जाचे कागद, कर्ज फिटलं असेल तर तसा दाखला.
- कुळकायद्यात जमीन मिळाली असेल तर ३२-म चं, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचं प्रमाणपत्र.
- सगळ्या वारसांची आधार कार्डं, आणि कागदावर हाताने काढलेली वंशावळ.

सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा फुकट बघता येतो. कचेरीत चालणारा डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत ऑनलाइन मिळतो. मधल्या माणसाला यासाठी पाचशे रुपये द्यायची गरज नाही.

संस्थानी काळातले बरेच कागद मोडी लिपीत आहेत. वाचता येत नाही म्हणून टाकून देऊ नका. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. जमिनीचा वाद असेल तर लिप्यंतर करून घेणं खर्चाचं असलं तरी करावं.

पायरी ५ : सातबारा वाचा, आणि ‘इतर हक्क’ दोनदा वाचा

उताऱ्यावर सर्वे नंबर आणि हिस्सा नंबर असतो. त्याखाली क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये. गावात सगळे गुंठ्यात बोलतात. एक गुंठा म्हणजे साधारण एक आर, चाळीस गुंठ्यांचा एकर. क्षेत्राचे जिरायत, बागायत, तरी, वरकस असे भाग असतात. तरी म्हणजे भाताची, वरकस म्हणजे डोंगरउताराची. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा दाखवलेला असतो.

मग नावं. आमच्याकडे एका उताऱ्यावर तीस-चाळीस नावं असणं सर्रास आहे. एका खाली एक, ‘सामाईक क्षेत्र’ असं शेजारी लिहिलेलं, मधल्या काही नावांना कंस. कंसातलं नाव म्हणजे ते कमी झालेलं आहे आणि शेजारचा आकडा तो बदल करणाऱ्या फेरफाराचा. आजोबांचं नाव कंसात दिसलं तर घाबरू नका, आधी तो फेरफार काढून वाचा. वारस लागल्यामुळेही नाव कंसात जातं आणि जमीन विकल्यामुळेही.

भोगवटादार वर्ग १ असेल तर मोकळेपणाने व्यवहार करता येतो. वर्ग २ असेल तर सरकारची अट आहे. कुळकायद्यातल्या जमिनीला कलम ४३ची अट असते. ३२-म प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून ती विकता येते. आकार म्हणजे सातबाऱ्यावरचा सारा, तो रुपया-दोन रुपये असतो, त्यामुळे रक्कम मोठी होत नाही. आणि शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो.

आता ‘इतर हक्क’. इथे हे शब्द दिसले तर थांबा :

कुळाचं नाव. कसणारं कुटुंब आज गावात असेल तर त्यांच्याशी आधी बोला, कागद नंतर.

‘वन’ किंवा ‘वनसंज्ञा’. १९७५चा खाजगी वनांचा कायदा आणि १९९६चा सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन खटल्यातला आदेश, या दोन्हींमुळे जिल्ह्यातल्या खाजगी जमिनींवर असे शेरे लागले. कलमांची बाग उभी असली तरी शेरा असू शकतो. शेरा असलेल्या जमिनीत घर बांधायचा विचार तो निघेपर्यंत करू नका.

‘आकारीपड’. सारा थकल्यामुळे कधी काळी सरकारजमा झालेली जमीन. ती परत मागायची वाट तहसीलमध्ये विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

बोजा. बहुतेक वेळा सोसायटीचं जुनं कर्ज. फिटल्याचा दाखला दिला की कमी होतो.

पायरी ६ : वारस लावा, सगळ्यांचे

मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवावं असा नियम आहे. पाळला गेला नसेल तरी अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या. ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवरूनही देता येतो. पोच घेतल्याशिवाय उठू नका. चौकशी होऊन फेरफार पडतो, पंधरा दिवसांची नोटीस निघते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर सुनावणी लागते. निकाल मान्य नसेल तर प्रांताकडे अपील, साठ दिवसांच्या आत.

मुंबईत बसून हे होत नाही असं नाही, पण गावात कुणीतरी पाठपुरावा करणारं लागतं. परदेशातल्या वारसाचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून आणावं.

इथला सगळ्यात वाईट सापळा म्हणजे लग्न झालेल्या आत्या आणि बहिणी वगळणं. ‘त्यांचं काय, त्या दिलेल्या घरी’ असं अजून म्हणतात. कायद्याने मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. नाव गाळून केलेला फेरफार पुढे त्यांच्या मुलांनी उघडला की वीस वर्षांचं काम कोसळतं. आणि कोसळलं नाही तरी ते अन्यायाचं आहे. त्यांना हक्क सोडायचाच असेल तर त्यांनी स्वखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. साध्या स्टॅम्पवरची सही चालत नाही.

सगळे एकमताचे असाल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करा. पुढच्या पिढीचा त्रास वाचतो.

पायरी ७ : मोजणी पावसाळ्याआधी

अर्ज भूमी अभिलेखकडे, ऑनलाइन किंवा तालुक्याच्या कचेरीत. सातबारा ताजा हवा, आणि लगतच्या सगळ्या खातेदारांचे पत्ते हवेत, कारण नोटीस त्यांना जाते. शेजाऱ्याला नोटीस मिळायच्या आधी तुम्ही स्वतः जाऊन सांगा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

दिवाळी झाली की अर्ज टाका. जूनमध्ये पाऊस धरला की सप्टेंबरअखेरपर्यंत काही होत नाही, आणि त्यानंतर रान इतकं वाढलेलं असतं की हद्दीचे दगड सापडत नाहीत. मोजणीच्या आठवडाभर आधी माणसं लावून गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने रान बेणून, म्हणजे तोडून साफ करून घ्या. मोजणीत दाखवलेल्या खुणांवर त्याच दिवशी जांभ्याचे दगड पुरा. चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते.

वाटेचंही याच वेळी बघा. पूर्वापार पायवाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मुळात वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३खाली बांधावरून वाट मागता येते. दोन्ही अर्ज वेगळे आहेत, चुकीच्या कलमाखाली केलेला अर्ज फेटाळला जातो.

पायरी ८ : ग्रामपंचायत आणि गाव

घराचा असेसमेंट उतारा तुमच्या नावावर करून घ्या. पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. फक्त त्यावर भरवसा ठेवून घर विकत घेणारे पुढे अडकतात. घराखालची जमीन कोणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावरच बघायचं.

मतदार यादीत नाव आलं की ग्रामसभेला जा. वर्षातून किमान चार व्हायलाच हव्यात. पाणी, रस्ता, खडीच्या खाणी यांचे ठराव तिथे होतात, आणि मुंबईहून आलेला माणूस चार सभा शांत बसून ऐकतो तेव्हा पाचव्या सभेत त्याचं ऐकलं जातं.

कागदावर नसलेली एक व्यवस्थाही आहे, गावऱ्हाटी. देवळाचे मानकरी, गावकार, कुणाचा कोणता मान, शिमग्याला पालखी कोणत्या वाडीत कधी. आचऱ्यासारख्या गावात ठरावीक वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण होते. सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहतो, गुरंढोरंसुद्धा. तिथे घर घेणाऱ्याने हे आधी माहीत करून घ्यावं.

पहिल्या दिवशी वाटेत कुणीतरी विचारेलच, ‘‘कोणाचो रे तू?’’ आजोबांचं नाव आणि वाडी सांगा. त्या म्हाताऱ्या माणसाकडे बसा. सातबाऱ्यावरच्या चाळीस नावांपैकी कोण कुठल्या शाखेचा, कोण निपुत्रिक गेला, कोणती आत्या कुठे दिली, हे त्याला तोंडपाठ असतं. वंशावळ लिहून न्या आणि त्याच्यासमोर तपासून घ्या. तलाठ्याकडे जाण्याआधी हे करा.